‘लागणे’ आणि ‘लावणे’ : यवतमाळकडील वऱ्हाडीच्या आधारे एका धातूच्या अर्थविस्ताराचा विचार

इंग्रजी भाषेतील जी क्रियापदे अत्यंत लहान आणि अत्यंत परिचित आहेत, तीच कोशकाराला सर्वांत अधिक श्रमवितात, ही गोष्ट ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाच्या इतिहासावरून सर्वश्रुत झाली आहे. १८८४ ते १९२८ या काळात खंडशः प्रसिद्ध झालेल्या या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. तीत ‘सेट’ या एका क्रियापदाच्या विवरणाला सुमारे साठ हजार शब्द खर्ची पडले असून त्याचे चारशेतीसहून अधिक अर्थ नोंदविले आहेत. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात २०११ च्या सुमारास ‘रन’ या क्रियापदाने हा मान हिरावून घेतला आणि त्याच्या अर्थांची संख्या ६४५ वर गेली. असे आकडे वाचून मराठी वाचकाला इंग्रजीच्या समृद्धीचे कौतुक वाटते. क्वचित् इंग्रजीच्या अव्यवस्थितपणाची शंकाही येते. परंतु हाच वाचक सकाळपासून रात्री डोळा लागेपर्यंत ‘लागणे’ हे क्रियापद किती निरनिराळ्या अर्थांनी वापरतो, याची मोजदाद त्याने सहसा केलेली नसते.

त्याला झोप लागते, जाग आल्यावर तहान लागते, चहा गोड लागतो, कामाला माणसे लागतात, कामास वेळ लागतो, पायाला ठेच लागते, शाळा लागते, परीक्षेचा निकाल लागतो, मुलाला नोकरी लागते, मुलीचे लग्न लागते, शेजाऱ्याची दृष्ट लागते आणि वाटेत गाव लागते. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या आणि वाढवून काढलेल्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात, तसेच दाते-कर्वे प्रभृतींच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२ ते १९३८) या धातूच्या अर्थांची मोठी यादी आलेली आहे. अशा याद्यांचे मूल्य कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि केवळ यादी वाढविल्याने एक मुख्य प्रश्न सुटत नाही. ऐकणाऱ्याला या अनेक अर्थांतून नेमका एक अर्थ, क्षणाचाही विलंब न होता, कसा कळतो? आणि ज्या ठिकाणी तो कळत नाही, त्या ठिकाणी काय बिघडते?

या प्रश्नांचा विचार यवतमाळ जिल्ह्यातील बोलीच्या आधाराने केल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात. १९०५ पर्यंत हा जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. त्याच वर्षी ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड प्रसिद्ध झाला आणि त्यात वऱ्हाडीचा स्वतंत्र परामर्श घेण्यात आला. ‘मला’, ‘तुला’ यांऐवजी ‘मले’, ‘तुले’, ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ ही या बोलीची लक्षणे सर्वांना ठाऊक आहेत. आणि विनोदी नाटकांमुळे ती गरजेपेक्षा अधिकच ठाऊक झाली आहेत. बोलीचे खरे वैशिष्ट्य अनेकदा अशा उच्चारभेदांत नसून वाक्यरचनेत असते. ‘लागणे’च्या बाबतीत तर ते निश्चितच रचनेत आहे.

प्रथम धातूच्या मूळ अर्थाकडे वळू. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे, जडणे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित ‘लग्न’. प्राकृतात ‘लग्ग’ आणि मराठीत ‘लाग’. हिंदीचे ‘लगना’ व गुजरातीचे ‘लागवुं’ ही याच कुळातील भावंडे होत. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला टेकलेल्या राशिबिंदूला ‘लग्न’ म्हणतात. त्यावरून शुभ मुहूर्त, आणि मुहूर्तावरून विवाह, असा त्या नामाचा प्रवास झाला. यामुळे ‘लग्न लागले’ या वाक्यात एकच धातू दोन वेळा आला आहे, याचे भान वाक्य उच्चारणाऱ्यास राहिलेले नाही. याच प्रसंगी मराठी माणूस आणखी एक बारकावा पाळतो : भटजी लग्न ‘लावतात’, आईबाप ‘लावून देतात’, वधूवर ‘करतात’ आणि लग्न स्वतः ‘लागते’.

‘लागणे’ आणि ‘लावणे’ ही जोडी येथे महत्त्वाची आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘लावणे’ कोणत्या मार्गाने आले याची चर्चा बाजूस ठेवली, तरी मराठी बोलणाऱ्याच्या मनात ‘पडणे-पाडणे’, ‘मरणे-मारणे’ यांसारखीच ही एक अकर्मक-प्रयोजक जोडी आहे. दार लागते आणि दार लावतात. भाव लागतो आणि भाव लावतात. आता गंमत अशी की, इंग्रजीचे बहुअर्थी ‘सेट’ हेदेखील जन्मतः प्रयोजक क्रियापदच आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ म्हणजे बसविणे. जुन्या इंग्रजीत ‘सित्तन’ व ‘सेत्तन’ अशी ही जोडी होती. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे, ही त्याच घडणीची आणखी एक जोडी. परंतु कालांतराने इंग्रजीने ‘सेट’ला अकर्मक कामेही सांगितली. सूर्य ‘सेट’ होतो, सिमेंट ‘सेट’ होते, पाऊस ‘सेट इन’ होतो आणि फळही ‘सेट’ होते. म्हणजे इंग्रजीत एकच रूप करणे आणि होणे या दोन्ही बाजूंना उभे राहते. मराठीने मात्र हे दोन भाग दोन रूपांत वाटून ठेवले आहेत. इंग्रज माणूस शेकोटी ‘सेट’ करतो, किंमत ‘सेट’ करतो, रोप ‘सेट’ करतो. मराठी माणूस शेकोटी, किंमत आणि रोप ही तिन्ही ‘लावतो’. दोन असंबद्ध वाटणाऱ्या भाषांतील हे साम्य योगायोगाचे नसून ‘वस्तू तिच्या जागी नेऊन चिकटविणे’ या एकाच मूळ कल्पनेचे फळ आहे, असे मानण्यास हरकत नाही.

यवतमाळकडे ही कल्पना किती दूरवर पसरली आहे, हे कापसाच्या एका हंगामावरून दिसते. जूनच्या सात-आठ तारखेला मृग ‘लागतो’. पाऊस होवो वा न होवो, नक्षत्र लागल्यावाचून राहत नाही. मग शेतकरी सरकी लावतो. ‘लागवड’ हा सरकारी कागदपत्रांतला शब्द असला तरी तो याच घराण्यातला. आषाढ-श्रावणात झड ‘लागते’. या ठिकाणी इंग्रजीच्या ‘सेट इन’ची आठवण होते, कारण दोन्हींत पाऊस येऊन चिकटला, आता लवकर हलणार नाही, हीच भावना आहे. निंदणाला बाया ‘लागतात’. या वाक्याचे दोन अर्थ संभवतात : बायांची गरज आहे, किंवा बाया कामाला भिडल्या आहेत. पऱ्हाटीला पाते लागते, फूल लागते, बोंड लागते. कृषिशास्त्रावरील इंग्रजी पुस्तकात बोंड लागण्यासाठी ‘सेट’ हाच शब्द योजलेला आढळतो. पण त्याच पऱ्हाटीला मावा लागतो, तुडतुडे लागतात आणि बोंडअळीही लागते. फळ आणि कीड या दोहोंसाठी बोलीने एकच क्रियापद राखले आहे. झाडाच्या दृष्टीने दोन्ही बाहेर दिसू लागतात आणि सुटत नाहीत, एवढेच ते क्रियापद सांगते. लाभ की हानी हे ते सांगत नाही, ते नाम सांगते.

पुढे वेचणी झाली की कापूस विकण्याचा प्रसंग येतो. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली आणि तीन दशके चालली. त्या काळात खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांच्या रांगा ‘लागत’, मग गाडीचा नंबर ‘लागे’, प्रतीनुसार भाव ‘लागे’ आणि चुकारा हाती ‘लागण्यास’ किती दिवस ‘लागतील’ याची चर्चा गाडीखाली बसून होई. एका दिवसाच्या व्यवहारात या धातूची पाच निरनिराळी कामे झाली, आणि तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ झाला नाही.

तो का होत नाही, याचे उत्तर क्रियापदाच्या अर्थात शोधू गेल्यास सापडत नाही. ते त्याच्या भोवतालच्या विभक्तींत आहे. ‘दगड डोक्याला लागला’ यात वस्तू प्रथमेत आणि अवयव चतुर्थीत असतो, म्हणून संपर्क हा अर्थ निघतो. ‘मले भूक लागली’ यात माणूस चतुर्थीत आणि भाववाचक नाम प्रथमेत असते, म्हणून अनुभव हा अर्थ निघतो. भुकेला कर्तेपण देऊन माणसाला तिचे ठिकाण करणारी ही रचना केवळ मराठीची नाही. पैनगंगा ओलांडून दक्षिणेस गेल्यास तेलुगू भाषक ‘नाकु आकलि वेस्तोंदि’ म्हणतो. तेथे भूक ‘लागत’ नाही, पण क्रियापद बदलले तरी माणूस चतुर्थीतच राहतो. इमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ असल्याची कल्पना मांडली, आणि मॅसिका यांनी १९७६ च्या ग्रंथात अशा चतुर्थी-रचनेचा व प्रयोजक क्रियापदांचा त्या दृष्टीने विस्ताराने विचार केला. ज्या जिल्ह्यात वऱ्हाडीच्या शेजारी कोलामी व गोंडी या द्राविडी भाषा, आणि पुसद-दिग्रसकडे बंजारा समाजाची गोरमाटी नांदते, तेथे ही क्षेत्रकल्पना नकाशावर शोधावी लागत नाही. ती आठवडी बाजारात ऐकू येते.

‘तुला लागले का?’ ही रचना याहून विलक्षण आहे. येथे प्रथमेतील नामच नाही. पडलेल्या मुलाला आई हा प्रश्न विचारते तेव्हा काय लागले, हे तिला विचारायचे नसते. नाम नसताना ‘लागणे’ म्हणजे इजा होणे, असा नियम भाषेने करून ठेवला आहे. हेच ‘त्याचे बोलणे मला लागले’ येथे मनाला लावले जाते. लागणे आणि दुखणे यांतील फरकही पाहण्यासारखा आहे. लागते ते एका क्षणी, दुखते ते त्यानंतर. ग्रामीण रुग्ण ‘लागलं नाई, पन दुखते’ म्हणतो तेव्हा त्याने वैद्याला अर्धे निदान सांगून टाकलेले असते. बाहेरचा आघात झालेला नाही, असे त्याचे म्हणणे असते.

क्रियापदाशी जोडून येणाऱ्या ‘लागणे’चा विचार करताना वऱ्हाडीचे महत्त्व विशेष जाणवते. प्रमाण मराठीत ‘मला जावे लागते’ ही सक्ती आणि ‘तो जाऊ लागला’ हा आरंभ, अशा दोन रचना ग्रंथांतरी वेगळ्या आहेत. परंतु पुणे-मुंबईकडील आजच्या बोलण्यात दोन्ही ठिकाणी ‘जायला’ हे एकच रूप येऊ लागले आहे. ‘मला जायला लागले’ म्हणजे जाणे भाग पडले. ‘ते जायला लागले’ म्हणजे त्यांनी जाण्यास आरंभ केला. भेद दाखविण्याचे सर्व ओझे ‘मला’ आणि ‘ते’ यांच्या विभक्तीवर पडते, आणि सर्वनाम गाळले की, जे मराठीत सर्रास गाळले जाते, ‘मग जायला लागले’ या वाक्याचा अर्थ अधांतरी राहतो. वऱ्हाडीत हा घोटाळा होत नाही. ‘मले जा लागते’, ‘तुले जा लागन’, ‘काम करा लागलं’ ही सक्तीची रूपे. ‘तो वावरात जाले लागला’, ‘काम कराले लागला’ ही आरंभाची रूपे. ‘करा लागते’ यातील ‘करा’ हे ‘करावे’ या रूपाचा शेवट झिजून झालेले असावे, आणि ‘कराले’ यात ‘करावया’च्या वंशजाला ‘ले’ हा चतुर्थीचा प्रत्यय लागला असावा, असे दोन्हींच्या ठेवणीवरून दिसते. सर्वनाम गाळले तरी ‘जा लागलं’ आणि ‘जाले लागले’ यांत गल्लत होणे शक्य नाही. बोली ही प्रमाणभाषेची बिघडलेली आवृत्ती असते, असा समज शाळांतून अद्याप पुरता गेलेला नाही. या एका बाबतीत तरी प्रमाणभाषेच्या बोलीरूपाने जो भेद हातचा जाऊ दिला, तो वऱ्हाडीने जपून ठेवला आहे. वऱ्हाडातील मुलाच्या वहीतील ‘मला जा लागते’ या वाक्यावर लाल रेघ ओढणाऱ्या शिक्षकाने ती ओढावी, कारण प्रमाणलेखन हे शाळेचे कामच आहे. पण रेघ ओढताना त्या मुलाच्या वाक्यात व्याकरण आहे, हे त्यास माहीत असावे.

सक्तीचा हा अर्थ अर्वाचीन नव्हे. संतवाङ्मयात ‘न लगे’ हे रूप ‘गरज नाही’ या अर्थाने पदोपदी भेटते. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत ‘लागीं’ हे शब्दयोगी अव्यय ‘साठी, प्रत’ या अर्थाने येते. म्हणजे क्रियापद म्हणून सुरू झालेला शब्द सातशे वर्षांपूर्वीच विभक्तिप्रत्ययाच्या उंबरठ्यावर पोचला होता. मराठीचा ‘ला’ आणि वऱ्हाडीचा ‘ले’ हे प्रत्यय याच ‘लागीं’चे झिजलेले अवशेष होत, असे एक मत आहे. ते सर्वमान्य नाही. ते खरे ठरल्यास ‘मले भूक लागली’ या तीन शब्दांच्या वाक्यात तोच धातू दोन वेळा, एकदा प्रत्यय होऊन आणि एकदा क्रियापद होऊन, हजर आहे असे म्हणावे लागेल.

याहून वेगळी अशी एक रचना आहे, जिचा कोशांत दोन दूरच्या ठिकाणी उल्लेख येतो, पण जी वस्तुतः एक आहे. ‘तो माहा मामा लागते’ हे नात्याचे वाक्य. ‘मी सावकाराचे पाचशे रुपये लागतो’, किंवा अधिक रूढ असे ‘देणे लागतो’, हे कर्जाचे वाक्य. दोन्हींत माणूस प्रथमेत आहे, आणि ज्याच्याशी संबंध आहे तो षष्ठीत. भूक लागते तेव्हा माणूस चतुर्थीत असतो. भूक येऊन त्याला चिकटते. नाते आणि देणे यांत मात्र माणूस स्वतःच दुसऱ्याला चिकटलेला असतो. ऋणकोला कर्त्याच्या आसनावर बसविणारी ही रचना ज्याने प्रथम बोलली, त्याने कर्जाचे स्वरूप नीट ओळखले होते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. इंग्रजीशी तुलना येथे पुन्हा उपयोगी पडते. ‘ओ’ म्हणजे देणे लागणे, आणि ‘ऑट’ म्हणजे करावयास हवे असणे. ही दोन क्रियापदे आज स्वतंत्र भासतात, पण ‘ऑट’ हे मुळात ‘ओ’चेच भूतकाळी रूप आहे. ऋण आणि कर्तव्य हे अर्थ तिकडेही एकाच धातूत एकत्र नांदत होते.

आतापर्यंत सांगितलेल्या सर्व रचनांत एक गोष्ट समान आहे. ‘लागणे’ हे क्रियापद घडलेली घटना सांगते. घडविणारा सांगत नाही. त्यासाठी ‘लावणे’ आहे. बोलण्यात ही सोय फार मोलाची असते, कारण प्रत्येक घटनेचा कर्ता माहीत असतोच असे नाही, आणि माहीत असला तरी सांगणे शहाणपणाचे असतेच असेही नाही. परंतु तेच वाक्य जेव्हा कागदावर उतरते, तेव्हा त्या सोयीची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. ‘कापसाच्या गंजीला आग लागली’, ‘गंजीला आग लावण्यात आली’ आणि ‘अमक्याने आग लावली’ या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत कर्ता नाहीच. दुसरीत कर्ता आहे, पण झाकलेला. तिसरीत तो उघड आहे. पंचनामा लिहिणाऱ्याने साक्षीदाराच्या ‘लागली’चे ‘लावण्यात आली’ असे रूपांतर केले, तर त्याने भाषा सुधारली नाही, गुन्हा निर्माण केला. उलट केले तर गुन्हा पुसला. हेच रूप इंग्रजीत नेताना भाषांतरकारापुढे ‘कॉट फायर’ आणि ‘वॉज सेट ऑन फायर’ असे दोनच रस्ते असतात. कोणता घ्यावा हे मूळ बोलीतील एका व्यंजनावर अवलंबून असते.

महसुली कागदांतही असेच घडते. सात-बाराच्या उताऱ्यावर वारसाचे नाव चढविण्याच्या क्रियेला लोक ‘नाव लागणे’ म्हणतात. ‘सासऱ्याच्या मागं माहं नाव लागलं नाई’ असे एखादी विधवा सांगते, तेव्हा तिच्या वाक्यात कोणावरही आरोप नाही. नाव लागणे ही जणू बोंड लागण्यासारखी, आपोआप व्हावयाची गोष्ट. प्रत्यक्षात ते आपोआप लागत नाही. अर्ज करावा लागतो, वारस नोंदवावे लागतात, तलाठ्याने फेरफाराची नोंद घ्यावी लागते आणि ती प्रमाणित व्हावी लागते. प्रत्येक टप्प्यावर ते ‘लावणारा’ कोणीतरी असतो. तिच्या क्रियापदाने हे सर्व कर्ते एका फटक्यात अदृश्य केले आहेत. तक्रार-अर्ज लिहून देणाऱ्याने ते पुन्हा दृश्य केले पाहिजेत, आणि चांगला अर्जनवीस तेच करतो. जाता जाता हेही नोंदवावे की ‘नाव लावणे’ याचा अर्थ अगदी निराळा आहे. ‘ती माहेरचे नाव लावते’ यात नोंदीचा संबंध नाही, स्वतःच्या ओळखीचा आहे.

परंतु या धातूच्या अनेकार्थतेचा सर्वांत गंभीर प्रसंग यवतमाळने २०१७ च्या पावसाळ्यात पाहिला. त्या वर्षी कापसावर कीटकनाशकांची फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो लोक रुग्णालयांत दाखल झाले आणि शासनाला विशेष चौकशी पथक नेमावे लागले. त्या घटनेची कारणे रसायनांत, फवारणीच्या साधनांत, उंच वाढलेल्या पिकात आणि संरक्षक साहित्याच्या अभावात आहेत. भाषेत नव्हेत. तरीही अशा प्रसंगी रुग्ण आणि वैद्य यांच्यामध्ये भाषा उभी असते, आणि तेथे ‘लागणे’चा विचार टाळता येत नाही. गावात कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. आता ‘औषध लागलं’ हे दोन शब्दांचे वाक्य घ्यावे. शेतकऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ, फवाऱ्यातील विष अंगाशी आले आणि त्याने बाधा केली. शहरी कानाला ते ‘औषधाची गरज पडली’ असे ऐकू येऊ शकते. ‘लागू’ या शब्दाच्या साहचर्याने ‘औषधाचा गुण आला’ असाही भास होऊ शकतो. ‘अंगाले लागलं’ म्हटल्यास घोटाळा आणखी वाढतो. कारण अन्न ‘अंगी लागते’ म्हणजे पुष्टी देते, तेल अंगाला ‘लागते’ म्हणजे माखते, आणि विष अंगाला ‘लागते’ म्हणजे त्वचेतून भिनते. तिन्ही ठिकाणी संपर्काचा मूळ अर्थ एकच आहे. फलित मात्र पोषण, माखणे आणि मृत्यू इतके भिन्न आहे.

येथे ‘ऊन लागणे’ या प्रयोगाचा दाखला देता येतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात ‘ऊन लागलं’ म्हणजे उन्हाचा स्पर्श झाला असा अर्थ कोणीही घेत नाही. उष्माघात झाला, असाच तो घेतला जातो. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने त्या नामाशी ‘लागणे’चा एकच अर्थ कायमचा बांधला गेला आहे. ‘औषध’ या शब्दाचा विषवाचक अर्थ तुलनेने नवा. तो फवारणीच्या शेतीबरोबर आला, आणि जुना उपचारवाचक अर्थ त्याच्या शेजारी जिवंत राहिला. म्हणून क्रियापदाचा अर्थ नामाने ठरवावा ही जी मराठीची नेहमीची व्यवस्था, ती येथे अपुरी पडते, कारण नामच दुभंगलेले आहे. रुग्णाची तक्रार नोंदविण्याचे नमुने तयार करणाऱ्यांनी ‘औषध लागले का?’ असा प्रश्न न घालता ‘फवारणीचे औषध अंगावर पडले का, नाकातोंडात गेले का?’ असा घालावा, ही सूचना भाषाशास्त्राची असली तरी तिचा उपयोग व्याकरणाबाहेरचा आहे.

कोशरचनेच्या दृष्टीनेही यातून एक गोष्ट निष्पन्न होते. ‘लागणे’च्या नोंदीत अर्थ क्रमाने एकाखाली एक मांडण्यापेक्षा रचना मांडाव्यात, आणि प्रत्येक रचनेखाली तीत येणारी नामे द्यावीत. अनुभवाच्या रचनेत भूक, तहान, झोप, उचकी, दम, वेड, छंद ही नामे एकत्र येतील. कालाच्या रचनेत नक्षत्र, महिना, ग्रहण, सुतक येतील. मार्गाच्या रचनेत गाव, नदी, घाट येतील : यवतमाळहून नागपूरकडे जाताना वाटेत कळंब लागते, आणि तेथे चिंतामणीचे देऊळ लागते. यापुढे प्रत्येक रचनेसमोर ‘लावणे’चा प्रतिरूप प्रयोग होतो की नाही हे नोंदवावे. शोध लागतो आणि लावतात. अर्थ लागतो आणि लावतात. नाद लागतो आणि लावतात. पण तहान लागते, ती कोणी ‘लावत’ नाही, आणि ग्रहणही कोणी ‘लावत’ नाही. जेथे ‘लावणे’ संभवत नाही, तेथे मराठी माणसाने मानवी कर्तृत्वाची सीमा मानली आहे. ‘पाऊस लावला’ असे कोणी म्हणत नाही.

इंग्रजीचे ‘सेट’ मात्र आता स्वतःच मराठीत येऊन दाखल झाले आहे. यवतमाळच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानांत ‘पंप सेट केला’, ‘गाडी सेट झाली’ असे ऐकू येते, आणि ‘पोराचं लगन सेट झालं’ हेही. इंग्रजीत करणे आणि होणे या दोहोंना एकच रूप पुरते. मराठीने मात्र ते रूप घेताना त्याला ‘करणे’ आणि ‘होणे’ असे दोन आधार दिले, आणि परक्या भाषेने केव्हाच पुसून टाकलेला तिचा जुना भेद तिच्याच शब्दावर पुन्हा लावला.